भिंतीमागचं पाणी

२०१९च्या जुलैची पहिली रात्र दिंडोशीकर विसरलेले नाहीत. मुसळधार पावसात मालाड टेकडीवरच्या जलाशयाची संरक्षक भिंत पिंपरीपाड्यातल्या झोपड्यांवर कोसळली. वीसहून अधिक माणसं गेली. भिंत जुनी नव्हती, हे जास्त जिव्हारी लागतं.

उतारावरच्या भिंतीमागे साचणारं पाणी बाहेर पडायला भोकं लागतात, त्यांच्या पाठीशी खडीचा थर लागतो. ती बुजली की चिखलपाण्याचा सारा भार भिंतीवर येतो. ही सोय नकाशात दाखवता येते; पण भराव टाकण्याआधी खाली उतरून कुणी पाहिलं का? एकदा माती पडली की तपासणी संपली. आढावा बैठकीत काम किती टक्के झालं हे विचारतात, झाकण्याआधी काय तपासलं हे क्वचितच. आपल्या बांधकाम व्यवस्थापनातला हाच सर्वांत मोठा दोष, असं मला वाटतं.

आता याच भागात गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचं काम आहे. चित्रनगरीपासून राष्ट्रीय उद्यानाखालून ४.७ किलोमीटरचे जुळे बोगदे जायचे आहेत. बोगद्यात तर जवळजवळ सगळंच झाकलं जातं. तिथे तपासणाऱ्या अभियंत्याला काम थांबवण्याचा अधिकार हवा, आणि त्याच्या सहीची तारीख शेजारच्या वस्तीलाही वाचता यायला हवी.