फेशियलच्या खुर्चीत गप्प बसू नका



गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरी पुतणीचे लग्न झाले. "फेशियल काकूकडून," असे मी मोठ्या हौसेने सांगून टाकले आणि हळदीच्या आदल्या दिवशीची वेळ मीच ठरवली. ताजी ताजी चमक दिसावी, एवढाच माझा विचार. पार्लरमधून आली तेव्हा चेहरा लाल होता. "होतं असं, सकाळपर्यंत उतरेल," असे तिला तिथे सांगितले होते. रात्री आग व्हायला लागली आणि सकाळी दोन्ही गालांवर बारीक पुरळ. हळद लावायला सुवासिनी पुढे आल्या तशी पोर मागे सरली. शेवटी हळद फक्त हातापायांना लागली. ती रडली. मोठ्या जाऊबाईंसमोर मला मान वर करवेना.

त्वचेच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "रात्री चेहऱ्याला काय लावतेस?" तेव्हा कळले की मोबाइलवर बघून मागवलेले रेटिनॉलचे क्रीम ती काही महिने लावत होती. त्याने त्वचा आधीच नाजूक झालेली. त्यात एकाच दिवशी थ्रेडिंग, ओठांवरचे वॅक्स, ब्लीच, स्क्रब आणि वाफ. पार्लरमध्ये कुणी विचारले नाही, हिने सांगितले नाही, आणि मलाही सुचले नाही.

म्हणून सगळा दोष मी पार्लरला देणार नाही. आपण दुकानात बिस्किटाचा पुडा उलटा करून जिलेटिन आहे का, लसूण पावडर आहे का, बारीक अक्षरे वाचतो. शंका आली तर पुडा परत ठेवतो. त्याच आपण पार्लरच्या खुर्चीत डोळे मिटून पडतो आणि चेहऱ्याला काय लागते आहे हे विचारतही नाही. विचारले तर गावंढळ दिसू, अशी भीती वाटते. माझे मत स्पष्ट आहे. फेशियलची खरी तयारी म्हणजे तोंड उघडून बोलणे.

आधी आपले सांगा. रेटिनॉल किंवा ॲसिडचे सीरम लावत असाल तर सांगा, आणि साधारण आठवडाभर आधी ते बंद ठेवा. डॉक्टरांनी दिलेले औषध असेल तर त्यांना विचारूनच थांबवा. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय फेशियल, पील किंवा वॅक्स काहीच करू नका. गोरेपणासाठी म्हणून आणलेल्या क्रीमबद्दल विशेष सांगते, त्यात कधी कधी स्टेरॉइड असते. ते बरेच दिवस लावले की त्वचा पातळ होते. गरोदरपण, ॲलर्जी, ओठावर उठणारी तापाची पुळी, नुकताच उन्हाने भाजलेला चेहरा, हेही लपवू नका. पुळी किंवा जखम असेल तर वेळ पुढे ढकला.

मग त्यांना विचारा. पॅकमध्ये मध आहे का? पर्ल फेशियलमध्ये शिंपल्यातल्या मोत्याची पूड आहे का? हल्ली गोगलगायीच्या स्रावाचे सीरमही येते. आपल्याला जे जिभेवर चालत नाही ते गालावर का चालावे, हा प्रश्न मला पडतो. चांगली पार्लरवाली रागावत नाही, डबा पुढे करते. नवीन काही असेल तर दोन दिवस आधी कानामागे थोडे लावून बघायला मागा.

वेळेचेही तसेच. लग्नाआधीचे शेवटचे फेशियल निदान आठवडाभर आधी व्हावे, आणि आयुष्यातले पहिले असेल तर महिनाभर आधी. काही बिघडले तर सावरायला दिवस हातात राहतात. थ्रेडिंग, वॅक्स, ब्लीच फेशियलच्या दिवशी नको, मध्ये दोन-तीन दिवस जाऊ द्या.

घरी आल्यावर तर काम अगदी सोपे आहे, फक्त संयम लागतो. त्या दिवशी मेकअप नको, व्यायामाचा घाम नको, तासभर गॅससमोर पुरणपोळ्या लाटणे नको. दोन-तीन दिवस स्क्रब, उटणे, वाफ, सीरम सगळ्याला सुट्टी. कोमट पाण्याने चेहरा धुवा, मऊ पंचाने टिपा, साधे मॉइश्चरायझर लावा. उशीचा अभ्रा बदला. चेहऱ्याला सारखा हात लावू नका, खपली निघत असेल तर ओढू नका. उन्हात जाताना एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त असलेले सनस्क्रीन लावा आणि बाहेरच असाल तर दोन तासांनी पुन्हा लावा. थोडी लाली दिवसभरात उतरते. आग, सूज किंवा पुरळ दुसऱ्या दिवशीही राहिले तर शेजारणीचे न ऐकता डॉक्टरांकडे जा. लिंबू आणि खायचा सोडा तर मुळीच चोळू नका. लिंबू लावून उन्हात गेले तर काळे डाग पडू शकतात.

आमच्या मंडळातल्या एक आजी म्हणतात, "देहाचे एवढे लाड कशाला?" त्यांचे म्हणणे मला पटते. कुणी फेशियल केलेच नाही तर काही बिघडत नाही, आणि रंग गोरा व्हावा म्हणून तर कुणीच करू नये, कारण त्याने रंग बदलत नाही. पण करायचेच ठरवले तर यत्नाने करावे. आमच्या घरी जे झाले ते हौसेमुळे झाले नाही, प्रमादामुळे झाले. आणि त्यात निम्मा वाटा माझा होता.

पुतणी दिवाळीला माहेरी आली तेव्हा चेहरा छान निवळला होता. भाऊबीजेच्या आधी नणंदेसोबत पार्लरमध्ये जाऊन आली, म्हणाली, "काकू, मी आधी दहा प्रश्न विचारले, ती बाई हसायला लागली." मी म्हटले, "हसू दे. पुढच्या वेळी अकरा विचार."