४८ लाख किलोमीटरची लाल गाडी

दोस्तांनो, गाडीच्या काट्याखालचा किलोमीटरचा आकडा कधी पाहिलाय? तो लाखावर गेला, की मोठी माणसं म्हणतात, "आता विकून टाकू!"

अमेरिकेत लाँग आयलंडवर इर्व्ह गॉर्डन नावाचे विज्ञानाचे शिक्षक होते. १९६६ साली त्यांनी लाल व्होल्व्हो घेतली आणि पहिल्या दोन-तीन दिवसांतच दीड हजार मैल पळवली! पुढे शाळेत जाऊन-येऊन रोज सुमारे २०० किलोमीटर. २०१३ मध्ये अलास्कात तिचे ३० लाख मैल, म्हणजे ४८ लाख किलोमीटर पूर्ण झाले. चंद्र इथून ३,८४,००० किलोमीटरवर आहे. करा भागाकार!

यात जादू काहीच नाही. इंजिनात धातूवर धातू घासतो. मध्ये तेलाचा पातळ थर असतो, म्हणून झीज कमी होते. पण काजळी आणि धातूचा बारीक कीस मिसळून तेच तेल खराब होतं. गॉर्डन सर साधारण दर ५,००० किलोमीटरला तेल बदलत. अगदी न चुकता! त्यामुळे इंजिन पहिल्यांदा पूर्ण खोलून बांधावं लागलं, ते सुमारे ११ लाख किलोमीटर झाल्यावर.

२०१८ मध्ये सर वारले, तोवर आकडा ३२ लाख मैलांपर्यंत पोचला होता.

आज घरी विचारा बरं, "आपल्या गाडीचं तेल शेवटचं कधी बदललं?" आणि बघा कोण कोण डोकं खाजवतं!