सोनं लुटायचं, झाड मात्र लावायचं नाही?

दसऱ्याला आपल्या बाजारात आपट्याचा पाला टेम्पोने येतो. कुठून? रानातली झाडं ओरबाडून. त्यातही पुष्कळदा आपटा म्हणून कांचनच गळ्यात मारतात. पान मोठं आणि पातळ दिसलं की ओळखा.

आता गावात आपटे किती ते मोजा. एका हाताची बोटं पुरतील. दुभाजकात मात्र नगरपालिकेने कोनोकार्पस लावलाय. गुजरातने २०२३ मध्ये ज्याच्या लागवडीवर बंदी घातली, तोच! वर उत्तर काय, तर "इथल्या उन्हात दुसरं काही जगत नाही."

अहो साहेब, आपटा कोरड्या माळरानावरचाच गडी आहे. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी द्या, बुंध्याशी पालापाचोळा टाका, शेळ्यांपासून जपा. पुढे तो आपला आपण जगतो. आणि कांचन? फेब्रुवारी-मार्चात, पानं गळालेली असताना, गुलाबी-जांभळ्या फुलांनी नुसता भरतो. (ठेकेदाराला नसेल माहीत, नर्सरीतल्या माळ्याला विचारा.)

पुढच्या पावसाळ्याच्या रोपखरेदीत आपटा किती, कांचन किती, हे नगरसेवकांनी सभेत विचारावं. यादी हाती आली की इथेच टाकतो.