काटकीतील सोयरे

वळवाच्या पावसात अंगणातील झाडाची एखादी फांदी मोडून पडते. आपण तिचे तुकडे करून सरपणाच्या ढिगावर टाकतो. वाचकहो, पुढच्या वेळी कोयता उचलण्यापूर्वी ती फांदी क्षणभर हाती घेऊन सर्व बाजूंनी न्याहाळा.

असे न्याहाळण्याचा वस्तुपाठ अवनींद्रनाथ ठाकुरांनी घालून दिला आहे. १९०५ साली ‘भारतमाता’ रंगवणाऱ्या या थोर चित्रकाराला उतारवयात, १९४१ साली, जोडासांकोची वडिलोपार्जित वास्तू सोडून बरानगरास जावे लागले. वाळलेली काटकी, एखादे मूळ किंवा सालीचा तुकडा उचलावा आणि त्यात दडलेला पक्षी वा प्राणी ओळखावा, हा त्यांचा छंद. या खेळण्यांना ते ‘काटुम-कुटुम’ म्हणत. बंगालीत ‘कुटुम’ म्हणजे सोयरा. ज्या वयात माणूस गमावलेल्याचा हिशेब मांडत बसतो, त्या वयात या कलावंताने टाकाऊ लाकडातून नवे गणगोत जमवले.

त्याच फांद्यांतून बसायला तिपाईही होते. तीन पाय मनगटाएवढे जाड घ्यावेत. त्यांना जोडणारे दांडे, वर तीन व खाली तीन, अंगठ्याहून थोडे जाड असावेत. साल सोलून काढावी, कारण तिच्याखाली कीड आश्रय घेते. लाकूड सावलीत वाळवावे आणि टोकांना मेण लावावे. टोके लवकर सुकली की तडे जातात. दांड्यांची टोके गोल तासून पायांच्या भोकांत घट्ट ठोकावीत. एका पायातील दोन भोके मात्र समोरासमोर येऊ देऊ नयेत. शेवटी वर सुंभ विणावे.

यातील मर्म असे की, दांडे पूर्ण वाळलेले आणि पाय किंचित ओलसर हवेत. पुढे पाय वाळून आकसतात व दांड्यांना आवळून धरतात. हे न जाणता मी पहिली तिपाई ओल्या दांड्यांची केली. श्रावणात ती भक्कम वाटली. चैत्रात एक वडीलधारे पाहुणे तिच्यावर बसले आणि तिच्यासह खाली आले. त्यांनी हसून क्षमा केली. पण लाकडापाशी घाई चालत नाही, हे मला कायमचे उमगले.

एक पथ्य मात्र पाळावे. या छंदासाठी जिवंत झाडाची फांदी तोडू नये. वाऱ्याने पाडलेले आणि छाटणीत उरलेले आपल्याला पुरेसे आहे. मुलांनाही सोबत घ्या. काटकीत दडलेले हरिण बहुधा त्यांनाच आधी दिसेल.