चहाचा ग्लास इथे ठेवू नये

मे महिन्यातला वीकेंड म्हटला की आपले प्लॅन ठरलेले. कुणी लोणावळा, कुणी अलिबाग, आणि बुकिंग न मिळालेले सगळे मॉलमध्ये. यंदा अस्मादिकांनी मात्र शनिवारी पहाटेची डहाणू लोकल पकडली. बीच नाही, होमस्टे नाही, चिकूही नाहीत. कारण, मामीचा फोन. "अरे, सोमवारी भंगारवाला टेम्पो घेऊन येतोय. ह्यांचं मशीन नेतो म्हणतोय, किलोवर. तुला काही बोलायचं असेल तर आधी ये."

मामाचं मशीन म्हणजे टेबल सॉ. ज्यांचा सुतारकामाशी संबंध ऑनलाइन मागवलेलं बुकशेल्फ जोडण्यापुरताच आहे, त्यांच्यासाठी सांगतो. एक जड, सपाट टेबल, मधोमध चीर आणि त्या चिरेतून वर आलेलं गोल, गरगर फिरणारं पातं. फळी टेबलावरून पुढे सरकवायची, कापायचं काम पातं करतं. मामाने या मशीनवर डहाणूतल्या किती घरांची दारं-खिडक्या कापल्या त्याचा हिशेब नाही. मामा जाऊन दोन पावसाळे झाले, शेड तेव्हापासून बंद. तलासरीत माझा मावसभाऊ वारली चित्रांसाठी लाकडी फ्रेम बनवतो. मशीन त्यालाच द्यायचं असं ठरलं होतं. पण मामीने पाठवलेला फोटो बघून त्याने व्हॉट्सअॅपवर एकच शब्द टाकला, "गेलं."

शेडचं कुलूप उघडण्यातच दहा मिनिटं गेली (तेही गंजलेलं, अर्थात!). आत गेलो आणि अवसानच गळालं. मामा असताना ज्या टेबलात ट्यूबलाइट दिसायची, ते विटेसारखं लाल झालं होतं. वर जुन्या भुशाचा थर, आणि एका कोपऱ्यात कधीतरी ठेवलेल्या ओल्या फळीचा अख्खा काळा ठसा. सागाचं, खैराचं लाकूड ओलं असलं आणि लोखंडाला टेकून राहिलं, की लाकडातलं टॅनिन आणि लोखंड मिळून असा काळा डाग पडतो. हिरडा आणि लोखंडापासून शाई करत, त्यातला फंडा हाच.

टेबल बिडाचं. हो, आजीच्या घावनांच्या तव्याचंच बीड, म्हणजे ओतीव लोखंड. त्यात साधारण 2.5 ते 4 टक्के कार्बन असतो आणि बराचसा ग्राफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात विखुरलेला असतो. हे पापुद्रे मशीनची थरथर पिऊन टाकतात, म्हणून जगभर अशी टेबलं बिडाची करतात. गोची एवढीच, की आजीच्या तव्यावर वर्षानुवर्षं जळून बसलेला तेलाचा थर असतो, मशीनच्या बाकीच्या अंगाला रंग असतो, पण टेबलाची वरची बाजू घासून सपाट केलेली आणि पूर्ण उघडी.

त्यात हे डहाणू! खाडीवरून येणारी हवा मिठाचे कण घेऊन येते. हवेतली सापेक्ष आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की हे मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं (पावसाळ्यातली मिठाची बरणी आठवा). लोखंडावर खाऱ्या पाण्याचा पातळ थर, वर ऑक्सिजन. झालं काम! तलासरी समुद्रापासून आत, हायवेवर आहे, तिथे मीठ कमी. पण पाऊस दोन्हीकडे सारखाच झोडपतो. शिवाय बीड रात्रभर गार होतं, सकाळी उबदार दमट हवा शेडमध्ये शिरते आणि फ्रीजमधून काढलेल्या बाटलीसारखं टेबलाला पाणी सुटतं. छप्पर गळायचीही गरज नाही.

आता तुम्ही म्हणाल, गंजू दे की, कापतं तर पातं ना? मलाही आधी असंच वाटायचं. पण गंजलेल्या टेबलावर फळी अडखळते. अडखळली की माणूस जोर लावून ढकलतो, फळी तिरकी होते, पात्यात चिमटली जाते आणि उलटी अंगावर भिरकावली जाते. ढकलणारा हात तेव्हा पात्यापासून किती लांब असेल याची गॅरंटी नाही. माझा मावसभाऊ दिवसभर या कामात असतो आणि त्याला दहाच बोटं आहेत. शिवाय फिक्या लाकडाच्या फ्रेमला गंजाचा तांबडा पट्टा लागला तर गिऱ्हाईक ती परत करतं, ते वेगळंच.

तर शनिवारी दुपारी मी आणि तो, दोघं बाह्या सरसावून उभे राहिलो. आधी मशीनची वायर प्लगमधून काढली आणि मग पातं उतरवलं (हे दोन्ही आधी, बाकी सगळं नंतर). भुसा ब्रशने झाडला. मग रुंद पात्याची खरवड टेबलावर जवळजवळ आडवी धरून वरचे पोपडे काढले. टोक रुतवायचं नाही, नाहीतर गंज जातो आणि चरा राहतो. त्यानंतर टेबलावर पेंटरलोक वापरतात ते टर्पेंटाइन ओतलं आणि सपाट लाकडी ठोकळ्याला वॉटर पेपर गुंडाळून घासायला सुरुवात केली. आधी 220 नंबर, मग 320, शेवटी 400. हात नेहमी लांब, सरळ, एकाच दिशेने. डाग दिसला की तिथेच गोल-गोल घासावंसं वाटतं, पण तसं केलं की तिथे खळगा पडतो. मावसभाऊ ग्राइंडर आणायला निघाला होता, त्याला अक्षरशः हाताला धरून थांबवला. त्या चाकाने दोन मिनिटांत टेबलाची सपाटी कायमची गेली असती.

मध्येच मामी चिंच घेऊन आली. "पितळेची समई निघते, मग हे का नाही निघणार?" गंज चिंचेने निघतोही. पण आंबटपणा आणि ओल मागे राहिली की उघडं पडलेलं लोखंड तासाभरात पुन्हा पिवळं पडतं. बाथरूमचं अॅसिड तर विचारूच नका. त्याच्या वाफेने शेडमधले रंधे, पटाशा, करवती सगळ्यांना गंज धरतो. चिंचेची रात्री आमटी झाली.

तीन तास घासल्यावर खालून करडा रंग वर आला. मामाची स्टीलची पट्टी टेबलावर उभी धरून मागून मोबाइलचा टॉर्च लावला. फटीतून प्रकाश जवळपास नाही, म्हणजे सपाटी शाबूत! बारीक खड्डे आणि तो काळा ठसा मात्र राहिला. मावसभाऊ तोही घालवायच्या मागे लागला होता. मी म्हटलं, सोड. खड्डे पृष्ठभागाच्या खाली असतात, फळी त्यांच्यावरून सरकून जाते. आपल्याला टेबल हवंय, आरसा नकोय.

खरा प्रश्न पुढचा, हे असं टिकवायचं कसं? तेल लावलं तर ते लाकडाला लागतं, मग त्यावर पॉलिश धरत नाही, आणि भुसा चिकटतो तो वेगळाच.  गाड्यांच्या बऱ्याच चकाकी-क्रीममध्ये सिलिकॉन असतं. ते लाकडावर गेलं की पॉलिशला माशाच्या डोळ्यांसारखे गोल खळगे पडतात. चालतं ते साधं मेण. टर्पेंटाइनमध्ये विरघळवलेलं मधमाशीचं मेण किंवा फरशीचं सिलिकॉन नसलेलं मेणाचं पॉलिश. पातळ थर द्यायचा, दहा-पंधरा मिनिटं सुकू द्यायचा, सुती फडक्याने चोळून काढायचा आणि पुन्हा एकदा तेच. आम्ही खोबणीतही लावलं. टर्पेंटाइनची फडकी बाहेर पसरून वाळवायची, गोळा करून शेडच्या कोपऱ्यात फेकायची नाहीत. ती भडकन पेटतात.

मेण लावून झाल्यावर मावसभावाने सागाची फळी ठेवली आणि करंगळीने ढकलली. ती पार पलीकडे गेली. तो काही बोलला नाही, पण त्याने लगेच टेम्पोवाल्याला फोन लावला.

मामीला तेव्हा एक गोष्ट आठवली. मामा रोज संध्याकाळी भुसा झाडून टेबलावरून मेणाचं फडकं फिरवायचा. आम्हा पोरांना वाटायचं, ही याची सांजवात. खंडेनवमीला हळदीकुंकू मशीनच्या रंगवलेल्या अंगाला लागायचं, आणि नारळ-फुलं बाजूच्या पाटावर. टेबलावर फूलही नाही. एकदा मी तिथे चहाचा ग्लास ठेवला तर ज्या आवाजात ओरडला होता, तो आवाज मला अजून ऐकू येतो.

रविवारी सकाळी सहा माणसांनी मशीन टेम्पोत चढवलं. सोमवारी भंगारवाला आला आणि कुलूपच घेऊन गेला. तलासरीत मशीनवर आता प्लास्टिक नाही, जुनी सुती चादर असते, कारण प्लास्टिकखाली ओल कोंडते. दर पंधरा दिवसांनी मेणाचा हात, थंडीत महिन्याने चालेल असं ठरलंय. फळी अडखळली तर त्याआधीच.

जुलैत मावसभावाचा फोटो आला. टेबल करडं, स्वच्छ आणि कोपऱ्यात एक सुबक तांबूस वर्तुळ.

मी विचारलं, "चहा?"

तिकडून उत्तर आलं, "पाहुण्याचा. मी काही बोललो नाही रे. मामीच ओरडली."