सूप न आवडणाऱ्या मुलीची बाजू

मागच्या रविवारी ताई आली होती. चहा, पोहे, सगळ्यांची दुखणीखुपणी वगैरे झाल्यावर निघताना तिने एक पिशवी टेबलावर ठेवली. "हे तुझं पुस्तक. आता नको म्हणते ती. क्लासच्या बाईंनी सांगितलंय, बी-टू होईपर्यंत गोष्टीबिष्टींना हात लावायचा नाही. चुकीच्या सवयी लागतात."

पिशवीत माफाल्दा होती.

ताई हा ब्लॉग वाचते (कॉमेंट कधी टाकत नाही, पण फोन करून शुद्धलेखनाच्या चुका सांगते). त्या दिवशी दारात उभं राहून वाद घालणं जमलं नाही, म्हणून इथेच घालते. बाकीच्या मंडळींनी पंच म्हणून बसावं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : माफाल्दा ही अर्जेंटिनाच्या किनो या व्यंगचित्रकाराची सहा-सात वर्षांची पोरगी. १९६४ ते १९७३ अशी जेमतेम नऊ वर्षं त्याने ती चित्रमालिका काढली, आणि अजून ती खपते आहे. तिला जगाची फार काळजी आहे आणि सूप अजिबात आवडत नाही. आईने सूपचा बाऊल समोर ठेवला की घरात तात्त्विक युद्ध सुरू होतं. माझी भाची हे पुस्तक घेऊन गेली तेव्हा ए-टू करत होती, म्हणजे सहा पायऱ्यांपैकी दुसरी. दोन आठवड्यांनी तिचा फोन आला तो हसतच. एक विनोद तिला आपला आपण कळला होता. क्लास सुरू केल्यापासून स्पॅनिश वाचून ती पहिल्यांदा हसली असावी.

मग काय बिघडलं? तिने गृहपाठात 'तू तिएनेस'च्या जागी 'बोस तेनेस' लिहिलं. (स्पॅनिशमधलं 'तू' म्हणजे चक्क आपलं 'तू'. 'तुझ्याकडे आहे' हे माद्रिदमध्ये 'तू तिएनेस' आणि ब्यूनोस आयरेसमध्ये 'बोस तेनेस'.) बाईंनी लाल शाईची रेघ मारली, "हे कुठून शिकलीस?" विचारलं, आणि फर्मान निघालं.

आता मला सांगा, यात चूक ती काय? अर्जेंटिनातली साडेचार कोटी माणसं रोज असंच बोलतात. मराठी शिकणाऱ्या एखाद्या परदेशी मुलाने नागपूरकडच्या गोष्टी वाचून "मी जेवण करून राहिलो" लिहिलं, तर त्याला गोष्टी वाचायची बंदी करायची? की "अरे वा, हे तिकडचं आहे, पुण्यात असं म्हणतात" एवढं सांगून पुढे जायचं? दोन वाक्यांचं काम होतं. आणि त्या मुलीने हे रूप कुठल्याही तक्त्यावरून पाठ केलेलं नव्हतं. ते तिच्या हातून आपोआप उतरलं. बाईंनी खरं तर पेढे वाटायला हवे होते.

बाईंचं म्हणणं मला कळतं. पाया पक्का हवा. मीही तीन वर्षं पायाच भरत होते. क्रियापदांचे तक्ते रंगीत पेनांनी लिहून स्वयंपाकघरात फ्रिजवर चिकटवले होते, परीक्षेत उत्तम मार्क मिळाले, प्रमाणपत्र आलं. आणि एका मैत्रिणीने परदेशातून येताना स्पॅनिश वर्तमानपत्र आणलं, तर त्यातली एक बातमी मला धड वाचता येईना. घरच्यांनी विचारलं, "काय लिहिलंय?" मी म्हटलं, "क्रियापद भूतकाळी आहे."

हे दुःख तीन-चार महिने पुरलं. मग जुन्या पुस्तकांच्या ढिगात ॲगाथा ख्रिस्तीच्या ओरिएंट एक्सप्रेसचं स्पॅनिश भाषांतर मिळालं. गोष्ट आधीच माहीत होती, त्यामुळे शब्द अडला तरी गाडी अडत नव्हती. खून कोणी केला हे माहीत असलेल्या माणसाला 'पुन्यालादा' म्हणजे सुऱ्याचा वार हे शब्दकोशात बघावं लागत नाही. पहिल्या दहा पानांना आठवडा लागला, शेवटची शंभर पानं दोन दिवसांत संपली. त्या काळात मला स्पॅनिशमध्ये कॉफी मागता आली नसती, पण प्रेताचं वर्णन झकास करता आलं असतं.

आणि पायाचं म्हणाल तर तो तिथेच भरला गेला. 'लेई' म्हणजे वाचलं आणि 'लेईआ' म्हणजे वाचायचे, वाचत होते. या दोन भूतकाळांवर क्लासमध्ये आमचे कित्येक तास गेले होते. गोष्टीत मात्र पाऊस पडत असतो आणि फोन वाजतो. पाऊस नेहमी एका रूपात, फोन नेहमी दुसऱ्या. शंभर वेळा पाऊस पडला आणि शंभर वेळा फोन वाजला की नियम वेगळा शिकवावा लागत नाही. भाकरी 'ती' आणि पाव 'तो' हे आपल्याला कुठल्या बाईंनी तक्त्यावरून शिकवलं होतं?

त्यातून मराठी माणसाला इंग्रजीतून लिहिलेल्या व्याकरणाच्या पुस्तकावरून स्पॅनिश शिकवणं हा तर द्राविडी प्राणायाम. 'मे गुस्ता एल मांगो' हे वाक्य उलटं कसं चालतं, आंबा कर्ता कसा होतो, हे त्या पुस्तकांत पानंच्या पानं समजावलेलं असतं. आपल्याला काय समजावायचं? "मला आंबा आवडतो." शब्दाला शब्द बसतो! पगाराला 'पागार' भेटतं (आपला शब्द पोर्तुगीजांकडून आला, पण ती स्पॅनिशची सख्खी बहीण), बुद्धिबळाच्या 'आखेद्रेस'मध्ये अरबांकडून गेलेलं आपलं चतुरंग दडलेलं असतं. अशा ओळखी वाचतानाच निघतात, लग्नात लांबचे नातेवाईक भेटावेत तशा.

आता दुसऱ्या बाजूचा खरा जोरदार मुद्दा. २००० साली हू आणि नेशन या अभ्यासकांनी दाखवलं की कोणाच्या मदतीशिवाय गोष्ट नीट समजायला मजकुरातले शंभरातले सुमारे ९८ शब्द ओळखीचे लागतात. ए-टूच्या मुलीला तेवढे कुठून यायचे? बरोबर आहे. म्हणूनच मी तिला कादंबरी दिली नाही, चित्रं असलेलं पुस्तक दिलं. ९८ चा आकडा 'कुठलं पुस्तक घ्यावं' हे सांगतो, 'पुस्तक घेऊ नका' असं म्हणत नाही. शिवाय "नीट समजणं" ही भानगड काय आहे? चौथीत असताना काळापहाड आणि झुंजार वाचले, ऐतिहासिक कादंबऱ्यांतले खलबतखाने आणि मसलती वाचल्या, तेव्हा आपल्याला शंभरातले किती शब्द येत होते? अडलं ते ओलांडलं आणि पुढे पळालो. दहाव्यांदा भेटल्यावर मसलत म्हणजे काय ते कळलंच ना?

पुरावाच हवा असेल तर फिजीचा घ्या. एली आणि मंगूभाई यांनी १९८३ साली छापलेला अभ्यास आहे. तिथल्या खेड्यांतल्या शाळांत चौथी-पाचवीच्या वर्गांना सुमारे अडीचशे इंग्रजी गोष्टींची पुस्तकं दिली. इंग्रजी त्या मुलांची घरची भाषा नव्हती. आठ महिन्यांत वाचण्यात आणि ऐकून समजण्यात ती मुलं नेहमीच्या जवळजवळ दुप्पट वेगाने पुढे गेली, आणि दुसऱ्या वर्षी तो फायदा व्याकरणात आणि लिहिण्यातही दिसला. व्याकरणातही, ताई.

एक वेगळा पंथही आहे, त्यांचाही हिशोब करून टाकते. हे म्हणतात, वाचायचंच तर सेर्वांतेस वाचा, मार्केझ मुळातून वाचा, कॉमिक्स काय! दोन किहोतेचा पहिला भाग १६०५ चा. नवशिक्याच्या हातात तो देणं म्हणजे मराठी शिकायला आलेल्या जर्मन माणसाला पहिल्या आठवड्यात ज्ञानेश्वरी देणं. आणि गंमत म्हणजे दोन किहोते स्वतः काय वाचत होता? शूर सरदारांच्या फॅन्टास्टिक कादंबऱ्या, रात्र रात्र जागून, शेत विकून! मला तर भाषा कच्ची असताना कोरीन तेयादो सगळ्यात जास्त उपयोगी पडली. ही स्पेनमधली बाई (१९२७-२००९), चार हजारांवर प्रेमकथा लिहिल्या. आपले बाबूराव अर्नाळकर हजाराच्या पुढे गेले, ही त्यांच्या चौपट. प्रत्येक गोष्टीत तेच उसासे, तेच कटाक्ष, तेच गैरसमज. त्यामुळे तेच शब्द पुन्हा पुन्हा. साहित्य म्हणून टाका हवं तर, मी तिच्या कृपेने मार्केझपर्यंत पोचले.

वाचून बोलता येत नाही, हे मान्य. त्यासाठी बोलावंच लागतं. (तरी स्पॅनिश बरीचशी लिहिल्याप्रमाणे उच्चारतात, फ्रेंचसारखी फसवाफसवी नाही.) क्लास सोड असंही मी भाचीला म्हटलेलं नाही. फी भरलीय, जाऊ दे. पण मोबाईलमधलं ते ॲप रोज तिला "घोडा सफरचंद खातो" छापाची वाक्यं घोकायला लावतं, ते कोणी बंद केलं नाही. कारण त्याचे गुण मिळतात. हसण्याचे मिळत नाहीत.

तर ताई, पुस्तक माझ्याकडेच आहे. पान ४३ वर बसचं तिकीट खुणेला ठेवलेलं आहे, ते मी काढलेलं नाही. त्या पानावर माफाल्दाच्या समोर पुन्हा सूप आलंय. दिवाळीत येताना घेऊन येते. बाईंना सांगायची गरज नाही.