‘गहाळ’ झालेले गुन्हे

भरबाजारात खिशातला मोबाइल गेला की माणूस जवळचे ठाणे गाठतो. जळगावचे फुले मार्केट असो की धुळ्याचा आग्रा रोड, त्याला बहुधा एकच प्रश्न ऐकावा लागतो: ‘चोरताना कुणाला पाहिले का?’ नाही म्हटले की अर्जावर ‘गहाळ’ हा शब्द पडतो. नवे सिम कार्ड घेण्यापुरता कागद हाती येतो. चोरी मात्र हिशेबातून उडते. मग महिन्याच्या क्राइम मीटिंगमध्ये त्या बाजारापुढे आकडाच नसतो. आकडा नाही म्हणून साध्या वेशातले पोलिस तिथे नेमले जात नाहीत आणि पुढच्या बाजाराला खिसेकापू निर्धास्त येतात.

गस्त कुठे वाढवायची, नाकाबंदी कुठे लावायची, कॅमेरे कोणत्या चौकात बसवायचे, हे आकड्यांवरूनच ठरले पाहिजे. पण आकडा खरा हवा. गुन्हे वाढणे वेगळे आणि गुन्ह्यांची नोंद वाढणे वेगळे, असे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग स्वतःच बजावत आला आहे. एका फिर्यादीत कलमे कितीही असोत, या विभागाच्या मोजणीत त्यातला सर्वांत गंभीर गुन्हा तेवढा धरला जातो. शहरांचे त्याचे वेगळे तक्ते मोठ्या महानगरांपुरतेच असतात. २०११च्या जनगणनेतले ४ लाख ६० हजारांचे जळगाव आणि पावणेचार लाखांचे धुळे त्यात नाहीत. ती जिल्ह्याच्या बेरजेत विरघळतात. शनिपेठेत काय घडते आणि देवपुरात काय, हे दिल्लीच्या अहवालातून कळणार नाही.

दखलपात्र गुन्ह्याची नोंद बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी खटल्यात १२ नोव्हेंबर २०१३ रोजी बजावले. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने हद्दीचा बहाणाही काढून घेतला. मात्र त्याच संहितेच्या परिशिष्टात पाच हजारांहून कमी किमतीच्या मालाची चोरी अदखलपात्र ठरली आहे. हातगाडीवाल्याचा जुना मोबाइल आता बहुतेक वेळा या रकान्यात जाणार. उद्या ‘चोऱ्या घटल्या’ असे कुणी सांगू लागले, तर त्यातला वाटा पोलिसांचा किती आणि कायद्याचा किती, हे विचारावे लागेल.

आकडे कपाटात राहिले की अफवेला रान मोकळे मिळते. साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारले. आपल्या भागात किती मुले बेपत्ता झाली आणि किती सापडली, हे गावोगाव वेळेवर सांगितले असते, तर निदान अफवेवर शंका घ्यायला जागा राहिली असती.

म्हणून दोन्ही जिल्ह्यांच्या अधीक्षकांनी दर महिन्याला ठाणेनिहाय आकडे जाहीर करावेत. त्यात गहाळचे अर्ज, अदखलपात्र नोंदी आणि ११२ क्रमांकावर आलेले फोनही असावेत. नोंद वाढली म्हणून निरीक्षकाला झापणे थांबवावे. तपास किती झाला आणि मुद्देमाल किती परत मिळाला, हे विचारावे. आकडा वाढला की बदलीची भीती असेल, तर खालचा माणूस तो कमीच दाखवणार.

वाचकांनीही एक करावे. चोरीला गेले असेल तर अर्जात ‘चोरीला गेले’ असेच लिहावे. प्रथम खबरी अहवालाची प्रत फिर्यादीला मोफत मिळते, तो हक्क आहे. ती हाती पडल्याशिवाय ठाण्याची पायरी उतरू नका.